कलांचो दुसऱ्या वर्षीही फुलवायचा असेल तर

डिसेंबर-जानेवारीत नर्सरीतून लाल, केशरी, पिवळ्या फुलांच्या गुच्छांनी भरलेला कलांचो घरी येतो. महिना-दीड महिना टिकतो. मग बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एकतर जुलै-ऑगस्टमध्ये खोड बुडापासून काळं पडून झाड बसतं, किंवा झाड जगतं, हिरवंगार होतं आणि पुन्हा कधीच फुलत नाही. पहिलीचं कारण पावसाळ्यातलं पाणी, दुसरीचं कारण हिवाळ्यातला दिवा. खताची कमतरता बहुधा दोन्हीकडे नसते, तरी लोक आधी खतच आणतात.

खालचे टप्पे वर्षाच्या क्रमाने आहेत. क्रम मोडू नका. एक काम महिनाभर पुढे गेलं तर त्याच्या पुढचं बहुधा वायाच जातं. छाटणी उशिरा झाली की कळ्याच कापल्या जातात, हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

१. निवडताना: फुलांआधी बुंधा पाहा

सगळी फुलं उमललेलं झाड दिसायला सुंदर, पण त्याचा बहर निम्मा संपलेला असतो. गुच्छातली पाचातली एखादीच कळी उमललेली आणि बाकी मिटलेल्या, पण रंग दिसू लागलेल्या, असं झाड घ्या. पूर्ण हिरव्या कळ्यांचं झाड मात्र टाळा. घरातल्या कमी उजेडात त्यातल्या बऱ्याच कळ्या न उमलता सुकतात.

साध्या फुलाला चार पाकळ्या असतात. गुलाबासारखं भरगच्च दुहेरी फूल असलेला प्रकार नर्सरीत कॅलेंडिव्हा म्हणून मिळतो. दोन्हींची निगा सारखीच. फक्त दुहेरी फुलांत पाणी अडकून ती लवकर कुजतात, म्हणून त्यांच्यावर फवारा अजिबात नको.

*घेण्याआधी तपासा:* पानं बाजूला करून बुंधा मातीला टेकतो तिथे बोटाने हलकेच दाबा. टणक हवा. मऊ किंवा तपकिरी असेल तर झाड सोडून द्या. पानाच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे. तसं झाड फुकट मिळालं तरी नको.

*सावध:* कलांचोत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. मांजर, कुत्रा, शेळी, गाय यांनी पानं-फुलं खाल्ली तर विषबाधा होते. घरात मांजर असेल तर झाड टांगून ठेवा किंवा घेऊच नका. आणखी एक. मुतखड्यावर म्हणून घरोघरी लावली जाणारी पानफुटी याच कुळातली आहे, पण कलांचो म्हणजे पानफुटी नव्हे. दिसायला सारखी म्हणून याची पानं कुणी चावून खाऊ नयेत.

२. पहिले पंधरा दिवस: कुंडी बदलू नका

आणल्या दिवशीच छान कुंडीत हलवायचा मोह आवरा. फुलावर असलेल्या झाडाची मुळं हलली की कळ्या गळतात. या दिवसांत कामं तीनच.

झाडाभोवतीचा प्लास्टिकचा कागद काढा. बाहेरची शोभेची कुंडी असेल आणि तिला भोक नसेल तर झाड तिच्यातून बाहेर काढून ठेवा. या एका शोभेच्या कुंडीने जितके कलांचो मारले असतील तितके कुठल्या रोगाने मारले नसतील. पाणी तिच्या तळाशी साचतं, वरून दिसत नाही आणि मुळं त्यात बुडून असतात. तिसरं काम, झाड बाकीच्या झाडांपासून दोन आठवडे दूर ठेवा, म्हणजे कीड असेल तर ती त्याच्यापुरतीच राहील.

फुलांचं झाड जेवणाच्या टेबलावर, पिकत्या केळ्यांच्या घडाशेजारी ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि कलांचोची फुलं त्याला फार हळवी असतात. ती लवकर मिटतात, कोमेजतात. मार्चनंतर घरात आंब्याची आढी लावली असेल तर झाड त्या खोलीत नकोच.

नर्सरीतली झाडं बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की आक्रसतं आणि कुंडीच्या कडेला फट पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, भोकातून पाणी आलेलं दिसतं, पण मुळांभोवतीचा गड्डा कोरडाच. तसं झालं असेल तर कुंडी अर्ध्या बादली पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग नीट निथळू द्या.

३. जागा: सकाळचं ऊन, दुपारची सावली

कलांचो घरात ठेवायचं झाड म्हणून विकलं जातं, पण सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात तो फक्त तग धरतो. त्याला रोज चार-पाच तास सकाळचं ऊन किंवा दिवसभर भरपूर उजेड लागतो. पूर्वेची बाल्कनी किंवा खिडकीची जाळी सगळ्यात बरी. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे हिरव्या शेडनेटचा एक थर लावा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये कुठल्याही दिशेला दुपारचं थेट ऊन नको, पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे पडतात आणि ते भरून येत नाहीत.

उजेड पुरेसा आहे का, हे झाडच सांगतं. पानांच्या कडा किंचित लालसर आणि जोड्या एकमेकींना चिकटून असतील तर जागा योग्य. पानांच्या दोन जोड्यांमध्ये दीड इंचापेक्षा जास्त अंतर पडू लागलं, देठ एका बाजूला झुकू लागले, तर उजेड कमी. अशा वेळी झाड एकदम उन्हात नेऊ नका. आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन वाढवा.

४. पाणी: वार ठरवून नाही, हात लावून

"दर रविवारी पाणी" हा नियम या झाडाला चालत नाही. जाड पानांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे चार दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही. चार दिवस लवकर झालं तर बिघडतं.

पाणी देण्याआधी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर थांबा. कुंडी मातीची असेल तर ती उचलून वजनाचा अंदाज घ्या, दोन-तीन वेळा केलं की हाताला फरक कळतो. पाच इंची कुंडीला एका वेळी पाऊण ते सव्वा ग्लास, म्हणजे साधारण दोनशे ते तीनशे मिली पाणी, भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत. ते मातीवर द्या, पानांच्या मधोमध नको. पंधरा मिनिटांनी खालच्या बशीत साचलेलं ओतून टाका.

अंदाज म्हणून आकडे हवेच असतील तर हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी. पण बोट घालून पाहिल्याशिवाय यातला एकही आकडा वापरू नका.

*इथे सगळे फसतात:* पानं मऊ पडली, सुरकुतली की लोक पाणी घालतात. आधी माती पाहा. माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं आहे, पाणी दिल्यावर दोन दिवसांत पानं पुन्हा ताठ होतात. माती ओली असूनही पानं सुरकुतली असतील तर मुळं कुजली आहेत आणि म्हणून पाणी वर चढत नाही. तिथे आणखी पाणी म्हणजे शेवटचा घाव. त्यावरचा उपाय नवव्या टप्प्यात आहे.

५. बहर संपल्यावर: छाटणी

फेब्रुवारी-मार्चमध्ये गुच्छ तपकिरी होतात. एकेक सुकलेलं फूल खुडत बसण्यापेक्षा गुच्छातली तीन चतुर्थांश फुलं सुकली की पूर्ण दांडा काढा. नुसता दांडा उपटू नका. दांड्याखाली पहिली मोठी पानं लागतात, तिथून पानांच्या आणखी एक-दोन जोड्या खाली येऊन, जोडीच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून कापा. कात्री स्पिरिटने पुसलेली हवी. राहिलेल्या प्रत्येक जोडीच्या बगलेतून दोन नवे फुटवे येतात आणि तेच पुढच्या हिवाळ्यात फुलतात.

झाड लांबुळकं, खाली उघडं पडलेलं असेल तर उंचीच्या निम्म्यापर्यंत छाटलं तरी चालतं. मात्र खाली पानांच्या दोन जोड्या तरी राहू द्या.

छाटल्यावर दोन आठवडे पाणी नेहमीपेक्षा कमी. पानं कमी झाली की झाड पाणीही कमीच पितं, हे लक्षात न घेतल्याने छाटलेली झाडं कुजतात.

६. कुंडी आणि माती

छाटणीनंतर बगलेत हिरवे डोळे फुगलेले दिसले की कुंडी बदला. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडे मार्चअखेरपर्यंत. विदर्भात मार्चच्या मध्यापर्यंत झालं तर ठीक, नाहीतर थेट सप्टेंबरच्या शेवटी. भर उन्हाळ्यात मुळं हलवलेलं झाड सावरत नाही.

कुंडी मातीची, भोकाची, आधीच्यापेक्षा फक्त एक इंच मोठी. चार इंचातून काढून आठ इंचात लावलं की मधली बरीचशी माती मुळांशिवाय ओली राहते आणि तिथूनच कुज सुरू होते.

पाच इंची कुंडीसाठी मिश्रण, आमटीच्या साध्या वाटीच्या मापाने:

लाल माती किंवा पोयटा ३ वाट्या
जाड वाळू २ वाट्या
विटेचे बारीक तुकडे २ वाट्या
चाळलेलं गांडूळखत १ वाटी
निंबोळी पेंड १ मोठा चमचा

काळी माती नको. ती पाणी धरून फुगते आणि सुकल्यावर तडकून मुळं तोडते. बांधकामाची क्रश सँड वापरणार असाल तर तिच्यातली दगडाची भुकटी काढावीच लागते, नाहीतर महिन्याभरात कुंडीत सिमेंटसारखा थर बसतो. चहाच्या गाळणीतून जे खाली पडेल ते टाकून द्या आणि वर राहील ते तीन पाण्यांनी धुऊन घ्या. विटेचे तुकडे तुरीच्या डाळीपासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचे असावेत. कोकणात, गोव्यात समुद्राची वाळू सहज मिळते, पण तिच्यात मीठ असतं. ती घालूच नका.

तळाशी खडीचा जाड थर द्यायची जुनी सवय आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर मच्छरजाळीचा तुकडा किंवा एक खापरी पालथी ठेवा आणि थेट मिश्रण भरा.

आता झाड. आदल्या दिवसापासून पाणी बंद ठेवा, कोरडा गड्डा मोकळा करणं सोपं जातं. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढा, खोड धरून ओढू नका. बाहेरचं कोकोपीट बोटांनी हलकेच झाडा, एक तृतीयांशपर्यंत गेलं तरी चालेल. सगळं धुऊन मुळं उघडी करायची गरज नाही. गुळगुळीत पांढरी किंवा फिकट तपकिरी मुळं ठेवा, काळी आणि चिकट कापा. झाड पूर्वी जितकं खोल होतं तितकंच ठेवा. बुंधा अर्धा इंच जरी जास्त गाडला गेला तरी पावसाळ्यात तिथेच कुजतो. वर कुंडीच्या काठाखाली अर्धा इंच मोकळी जागा सोडा.

*तपासा:* झाड लावण्याआधी नुसत्या मिश्रणाने भरलेल्या कुंडीत एक ग्लास पाणी ओता. अर्ध्या मिनिटात खालून यायला हवं. वर तळं साचून राहिलं तर आणखी एक वाटी वाळू किंवा वीट मिसळा.

लावल्यावर लगेच पाणी नको. तुटलेल्या मुळांच्या जखमा भरायला चार-पाच दिवस सावलीत कोरडं राहू द्या, मग पहिलं पाणी.

७. मार्च ते ऑगस्ट: पानांचे दिवस

या काळात दिवस मोठे असतात, झाड कळ्यांचा विचारही करत नाही. फांद्या वाढवून घ्यायचा हाच काळ. नव्या फुटव्याला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की टोकाची सर्वात वरची जोडी खुडा. महिन्याभराने पुन्हा. दोनदा खुडलं तर एकेका फांदीच्या चार होतात.

शेवटची खुडणी ऑगस्टअखेर. त्यानंतर कात्री कपाटात. सप्टेंबरनंतर खुडलेलं प्रत्येक टोक म्हणजे जानेवारीतला एक गुच्छ कमी.

खत फार नको. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात) हे विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, आणि तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत खताचं पाणी दिलं की मुळांची टोकं भाजतात. मेमधल्या कडक उन्हात आणि भर पावसात खत बंद.

८. पावसाळा: जगवण्याची परीक्षा

उन्हाळ्यात झाड मरत नाही, पावसाळ्यात मरतं. कारण फक्त पाऊस नाही. दमट हवा, सततचं ढगाळ हवामान आणि थांबलेलं बाष्पीभवन यामुळे एकदा ओली झालेली कुंडी दहा-दहा दिवस ओली राहते.

मृगाआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यातच झाड आडोशाला घ्या. पहिल्या पावसात भिजू दे म्हणून ठेवलेलं झाड मग तिथेच विसरतं. वरून छप्पर हवं, पण बाजू मोकळ्या हव्यात. काचेच्या बंद खिडकीत ठेवलेल्या झाडावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी भुकटीसारखी बुरशी येते. कुंडी फरशीवर नाही, दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, भोकाखालून हवा फिरली पाहिजे. खालची बशी चार महिने काढून टाका.

पाणी देण्याचा निकष या चार महिन्यांत बदला. माती कोरडी झाली म्हणून पाणी द्यायचं नाही. खालचं एक जाड पान दोन बोटांत धरून किंचित वाकवा. कडक असेल तर आणखी थांबा, जरासं लवचिक वाटलं की अर्धा ग्लास द्या. कोकणपट्टीत कधीकधी तीन आठवडे पाणी लागतच नाही, आणि त्याची काळजी करू नये.

आठवड्यातून एकदा बुंध्याजवळ गळालेली पानं उचला. ती ओल्या मातीवर पडून कुजतात आणि बुरशी तिथून खोडावर चढते.

*तपासा:* दर रविवारी बुंधा बोटाने दाबा. पाणी ठरलेल्या वारी नसावं, पण ही तपासणी असावी. कुज बुंध्याशी दिसल्यावर तीन-चार दिवसांत वर चढते, तेवढ्यात पकडली तर वरचं झाड वाचतं.

९. बुंधा कुजला तर

कुंडीत औषध ओतून काही होत नाही. खोड कापा, कुजलेल्या भागाच्या दोन इंच वर. कापलेल्या तोंडाकडे पाहा. मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर स्पिरिटने सुरी पुसून आणखी वर कापा. आतला गाभा एकसारखा फिकट हिरवा दिसेपर्यंत हे करत राहा. मग ते टोक खाली दिल्याप्रमाणे कलम म्हणून लावा. जुनी माती आणि मुळं फेकून द्या, कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा.

१०. कलमं

एरवी कलमं लावायची ती फेब्रुवारीअखेर ते मार्च, छाटणीतून निघालेल्या न फुललेल्या फांद्यांची. तीन इंच लांब, पानांच्या दोन-तीन जोड्या. खालची एक जोडी काढा. आता सगळ्यात महत्त्वाचं: ती लगेच लावू नका. सावलीत, कागदावर, दोन-तीन दिवस पडू द्या. कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेचं कलम मातीत गेलं की कुजतं, आणि नेमकी हीच पायरी वगळली जाते, कारण गुलाब-जास्वंदीच्या फांद्या आपण लगेच खोवतो.

निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, जेमतेम ओलसर. कलम एक इंच खोल. झाकण, पिशवी, घुमट काही नको, या झाडाला दमट कोंडी नको असते. उजेडाच्या पण विनाउन्हाच्या जागी ठेवा, वरची माती सुकली की थोडंसं शिंपडा. तीन-चार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहा. अडलं तर मुळं धरली. पानफुटीसारखं नुसतं पान मातीवर ठेवून कलांचोची कडेकडेने रोपं येत नाहीत. देठासकट पान लावलं तर कधी कधी जमतं, पण वेळ फार जातो.

११. ऑक्टोबरपासून: काळोख

कलांचोला कळ्या येतात त्या खतामुळे नाही, थंडीमुळेही नाही. लांब, सलग काळोखी रात्रींमुळे येतात. साधारण चौदा तासांचा काळोख, सलग सहा आठवडे, हे हमखास प्रमाण. तेरा तासांपर्यंत चालतं, त्याखाली बेभरवशाचं. काळोख सलग हवा. मध्यरात्री दहा मिनिटं ट्यूबलाइट लागली की झाडाच्या हिशेबी एका मोठ्या रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात.

आपल्याकडे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होते आणि डिसेंबरात ती सुमारे तेरा तासांची असते. म्हणूनच गावाकडे अंगणात, दिव्यापासून दूर ठेवलेला कलांचो काही न करता जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि शहरातल्या बाल्कनीत तोच वर्षानुवर्षं नुसता हिरवा राहतो. रस्त्याचा दिवा, हॉलची ट्यूब, समोरच्या इमारतीचा फ्लडलाइट. आणि नेमक्या याच दिवसांत येते दिवाळी. कुंडीच्या डोक्यावर रात्रभर जळणारा आकाशकंदील आणि बाल्कनीच्या कठड्याची माळ तुळशीच्या लग्नापर्यंत राहते, तोवर सहापैकी निदान दोन आठवडे वाया गेलेले असतात.

*जागा तपासा:* रात्री दहा वाजता झाडाच्या जागी वर्तमानपत्र धरा. ठळक मथळे वाचता आले तर उजेड जास्त आहे, खोका लागणार.

झाडापेक्षा सहा इंच उंच आणि रुंद, जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या. भर दुपारी तो उन्हाकडे धरून आत डोकावा (शेजारी हसतील, हसू द्या). जिथे जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे तपकिरी चिकटपट्टी लावा. हाताळायच्या खाचा हमखास राहून जातात.

रोज संध्याकाळी सहाला खोका पालथा, सकाळी आठला वर. कामावरून यायला उशीर होत असेल तर रात्री आठ ते सकाळी दहा असंही चालतं, पण वेळ रोज तीच. खोका काढल्यावर दिवसा झाडाला ऊन मिळायलाच हवं. काळोख मोजायच्या नादात लोक झाड कपाटातच ठेवतात, मग ते फिकट पडतं आणि कळ्या धरत नाही. एखादी रात्र चुकली तर हिशेबात धरू नका, शेवटी एक रात्र वाढवा. वापरात नसलेली, दिवा न लागणारी खोली असेल आणि तिला पूर्वेची खिडकी असेल तर खोकाही लागत नाही. फक्त घरच्यांना सांगून ठेवा.

कधी सुरू करायचं? रात्रीचं तापमान पंचवीस-सव्वीसच्या वर असेल तर काळोख असूनही कळ्या रखडतात. पुणे, नाशिक, साताऱ्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून चालतं. मुंबई-ठाण्यात ऑक्टोबर हीटमध्ये खोक्यात झाड शिजवू नका, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करा. पहिल्या खोक्यापासून फुलं उमलेपर्यंत सुमारे बारा आठवडे धरा. संक्रांतीला फुललेलं हवं असेल तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरुवात हवी. दिवाळीला हवं असेल तर जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत झाड झाकावं लागेल. ते व्यावसायिक नर्सऱ्यांना जमतं, खोक्यात भुरीच यायची.

या सहा आठवड्यांत पाणी थोडं कमी. खत द्यायचंच तर नत्र नसलेलं ०:५२:३४, लिटरला एक ग्रॅम, फक्त दोनदा. १९:१९:१९ आता नको, नत्राने पानं माजतात.

टोकाला मोहरीएवढ्या हिरव्या दाण्यांचा झुपका दिसला की कळ्या ठरल्या. सहा आठवडे पूर्ण झाल्यावर खोका बंद. यापुढे दिवाणखान्यात दिव्याखाली ठेवलं तरी हरकत नाही. कुंडी मात्र वारंवार फिरवू नका आणि कळ्या असताना माती पूर्ण वाळू देऊ नका. वर्षातला एवढा एकच काळ असा आहे की तहानेने नुकसान होतं.

१२. कीड आणि भुरी

पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत आणि कळ्यांच्या देठांत बसतो. थोडा असेल तर कानातल्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुसा, पाच दिवसांनी पुन्हा, आणखी पाच दिवसांनी तिसऱ्यांदा. एकदाच पुसून थांबलं की अंड्यांतून नवी पिल्लं येतात. कळ्यांवर मावा आला तर आधी झाड आडवं धरून पाण्याच्या बारीक धारेने धुवा, माती भिजू नये म्हणून कुंडी पिशवीत बांधून.

जास्त असेल तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, त्यात एक मिली द्रव साबण, संध्याकाळी. साबणाने कलांचोची पानं कधी कधी डागाळतात, म्हणून आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहा. उमललेल्या फुलांवर काहीच नको.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण तापमान बत्तीसच्या वर असताना नाही. तेलाचा फवारा झाला असेल तर मध्ये तीन आठवडे जाऊ द्या, तेल आणि गंधक पाठोपाठ आले की पानं जळतात. भुरी परत परत येत असेल तर औषध बदलू नका, जागा बदला.

तीन वर्षांनी खोड लाकडासारखं होतं, खालची पानं गळतात आणि गुच्छ लहान येतात. त्या वर्षीच्या मार्चमधल्या छाटणीतून चार कलमं लावा. दोन जगली तरी पुरे. ऑगस्टपर्यंत खुडून भरलेली ती रोपं पुढच्या ऑक्टोबरात त्याच खोक्याखाली मावतात.